मागे राहिलेल्या मूर्ती

पानागढला ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना जीटी रोडच्या कडेचा तो गाड्यांचा बाजार नक्की आठवत असेल. लष्कराने लिलावात काढलेले शक्तिमान, जोंगा, वन टन तिथे रांगेने उभे असतात. कुणाचं इंजिन गेलेलं, कुणाचा नुसता सांगाडा उरलेला. दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकनांचा विमानतळ होता. ते गेले, मग आपण आलो. जाणारा जे टाकून जातो त्यावर मागे राहणाऱ्यांची दुकानं चालतात. पहिल्या दिवशी त्या बाजारातून जाताना मी हसलो होतो. पुढच्याच महिन्यात धाकट्या भावाचा पेणहून फोन आला.

"दादा, माळ्यावरच्या त्या बारा मूर्तींचं काय करायचं?"

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, मधोमध फळ्या, कोपऱ्यात शाडूचा हौद आणि वर माळा. वडिलांचं, म्हणजे नानांचं, सगळं काम शाडूचं. भावाने पीओपी आणलं, रबराचे साचे आणले, आणि खरं सांगायचं तर त्यानेच घर चालवलं. मी सतराव्या वर्षी खडकवासल्याला गेलो, तो गेलोच. नाना जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटच्या हंगामाआधी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तरीही डाव्या हाताने त्यांनी बारा मूर्ती केल्या. रंग नाही, आखणी नाही, नुसत्या वाळलेल्या कच्च्या मूर्ती. आखणी म्हणजे डोळे काढणं. ज्यांच्या घरी गणपतीचं काम नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि कारखान्यात ज्याचा हात सगळ्यात चांगला तोच ते करतो. डोळे नसलेली मूर्ती विकली जात नाही, पुजली जात नाही. ती नुसती माती असते.

भावाला माळा मोकळा हवा होता. त्याचं बरोबरच होतं. मी त्याला म्हणालो, "मी रजेवर येईपर्यंत थांब." हे वाक्य मी त्या घराला पंचवीस वर्षं ऐकवत आलो आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी शांतिनिकेतनला गेलो. मुलाची दहावी म्हणून बायको आणि तो पुण्यातच होते, मेसमध्ये बसून तरी काय करणार? पानागढहून इलामबाजारच्या रस्त्याने अजय नदीचा पूल ओलांडला की पुढे सालाचं जंगल लागतं. एकूण पन्नासेक किलोमीटर. रविवारी सगळं बंद असेल असं मला वाटत होतं, पण तिथे साप्ताहिक सुट्टी बुधवारी. माझा ड्रायव्हर दुमक्याचा, सांथाळ. गाडी चालवताना तो स्वतःहून एक शब्द बोलत नसे.

मला बघायची होती रामकिंकर बैज यांची शिल्पं. त्यांचं नाव मला दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये कळलं, तेही उशिरा. संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दाराशी दोन प्रचंड दगडी मूर्ती आहेत, एक यक्ष आणि एक यक्षी. तीन वर्षं मी त्यांच्यासमोरून गेलो आणि मला वाटायचं हे बँकेचे द्वारपाल. मग एकदा कोर्समेटने हटकलं. तो यक्ष म्हणजे कुबेराचा गोतावळा, हातात पैशाची थैली बघ. यक्षीच्या हातात धान्य बघ. दगड कांगड्याच्या बैजनाथकडून आणलेला. काम दहा वर्षांहून जास्त चाललं, आणि यक्षीच्या अंगावर कपडे नाहीत म्हणून संसदेत प्रश्नही विचारला गेला. योलला असताना मी बैजनाथच्या देवळात दोनदा गेलो होतो. तिथला दगड दिल्लीत रोज आपल्याकडे बघतोय, हे मला ठाऊक नव्हतं.

रामकिंकर 1906 साली बांकुड्यात जन्मले. घर गरीब, न्हाव्याचं. पोरवयात ते गावातल्या मूर्तिकाराच्या हाताखाली दुर्गेच्या मूर्ती करायला जायचे. माती मळणं, काठ्यांवर पेंढा बांधणं, त्यावर थर देणं, तीच त्यांची पहिली शाळा. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची शेड उभी राहिली. असहकाराच्या चळवळीत त्यांनी पुढाऱ्यांची चित्रं काढली. 'मॉडर्न रिव्ह्यू'चे संपादक रामानंद चटर्जी यांची त्या मुलावर नजर गेली आणि 1925 साली त्यांनी त्याला शांतिनिकेतनला नेलं. तिथे नंदलाल बोस गुरू. पुढे मार्गारेट मिलवर्ड नावाच्या, बूर्देलकडे शिकलेल्या बाई काही काळ आल्या, त्यांच्याकडूनही ते शिकले. आणि मग तिथून हललेच नाहीत. पुढची पंचावन्न वर्षं तेच गाव.

त्यांचा स्टुडिओ बघायचा म्हणून मी गेलो होतो खरा, पण तो खोलीत नव्हताच. कलाभवनाचं आवार, झाडांखालची मोकळी जागा, रस्त्याची कड, हाच स्टुडिओ. ब्राँझ ओतायला पैसे नव्हते, संगमरवराचा प्रश्नच नव्हता. म्हणून लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर सिमेंट आणि तिथलीच तांबडी खडी कालवून हाताने मारायची. ही खडी म्हणजे आपला जांभा. शांतिनिकेतनच्या बाहेर खोआई म्हणतात त्या लाल घळी बघितल्या की रत्नागिरीकडचा माणूस दोन मिनिटं गप्प होतो. अशी मूर्ती उचलून कुठे नेता येत नाही. जिथे केली तिथेच ती राहते.

निलगिरीच्या झाडांमध्ये 'सुजाता' उभी आहे, 1935 सालची, झाडांसारखीच उंच आणि सडपातळ. आधी ती नुसती एक उभी मुलगी होती. नंदलालबाबूंनी सुचवलं म्हणून डोक्यावर पायसाचं भांडं आलं आणि ती बुद्धाकडे निघालेली सुजाता झाली. ती बघून रवींद्रनाथांनी, सगळा आश्रम अशा मूर्तींनी भरून टाकशील का, असं विचारल्याची गोष्ट तिथे सांगतात. त्याच आवारात चालणारे गांधीजी आहेत. पायाखाली कवटी असलेले गांधीजी मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत. तो मूळचा छोटा नमुना रामकिंकरांचा, मोठी मूर्ती मागाहून विद्यार्थ्यांच्या हातांनी उभी राहिली.

'सांथाळ कुटुंब' 1938 सालचं. आधुनिक भारतीय शिल्पकलेतलं पहिलं सार्वजनिक शिल्प असा मान बरेच जाणकार त्याला देतात. पुरुषाच्या खांद्यावर कावड. एका बाजूच्या टोपलीत पोर बसलेलं. शेजारी बाई, डोक्यावर बोजा, कडेवर दुसरं लहान मूल. पायाशी कुत्रा. सगळे चाललेत. वर आता छप्पर बांधलं आहे. मी आधी छप्पर बघितलं, मग सिमेंट बघितलं, सवयच तशी. बंकर आणि जुन्या बराकी ज्यांनी सांभाळल्या आहेत त्यांना माहीत असेल, आतली सळी गंजली की फुगते आणि बाहेरचं सिमेंट आतून फोडते. वरून कितीही गिलावा केला तरी भेग पुन्हा त्याच जागी येते. छप्पर घालणाऱ्यांनी बरं केलं. पण ते शिल्प उन्हापावसात उभं राहायलाच केलं होतं, आणि छपराखाली ते कुटुंब पाऊस थांबायची वाट बघत थांबल्यासारखं दिसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुणाला दोष द्यावा हे मला ठरवता आलं नाही.

ड्रायव्हर गाडीजवळच उभा होता. मी हात करून बोलावलं. तो आला, चपला काढाव्यात की काय अशा विचारात क्षणभर थांबला, मग शिल्पाला एक पूर्ण चक्कर मारली. कावड नीट बघितली. शेवटी कुत्र्यासमोर उभा राहिला.

"साब, ये लोग वापस नहीं आएँगे."

"तुला कसं कळलं?"

त्याने सांगितलं ते असं. त्याची आजी-आजोबा भाताच्या कापणीला दरवर्षी बंगालात उतरायचे, तिकडे त्याला नामाल म्हणतात. जाताना विळे, थोडा तांदूळ, अंगावर धरलेलं पोर, एवढंच. कुत्रा घरी ठेवायचे, कारण घर राखायचं असतं. ज्याने कुत्रा सोबत घेतला त्याने घर सोडलं.

कलासमीक्षकांनी या शिल्पावर पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यातलं थोडं मी नंतर वाचलं. कुत्र्याबद्दल हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

तिथून जवळच 'गिरणीचा भोंगा' आहे, बंगालीत 'कलेर बाँशी', 1956 सालचं. दोन सांथाळ बायका भोंगा ऐकून पळत निघाल्यात, वाऱ्यावर वस्त्रं फडकताहेत, मागून एक पोर धावतंय. पहिल्या शिल्पातलं कुटुंब अठरा वर्षांनी कुठे पोचलं ते इथे दिसतं, असं मला वाटलं. ड्रायव्हरला मात्र हे पहिल्याइतकं आवडलं नाही. "ये जल्दी में हैं," एवढंच म्हणाला.

परतताना मी कावडीचा विचार करत होतो. मी खडकवासल्याला निघालो तेव्हा काय नेलं होतं? एक काळी ट्रंक, तीही अर्धी रिकामी. माझे ब्रश, माझी मातीची हत्यारं, पोरवयात केलेला एक उंदीर, सगळं शेडमध्ये होतं तसंच राहिलं. नानांनी ते कधी हलवलं नाही. ड्रायव्हरच्या हिशेबाने पाहिलं तर मी कापणीला गेलो होतो. नाना याच हिशेबाने वाट बघत राहिले असतील का, हा प्रश्न मला इलामबाजारच्या पुलावर पडला आणि पानागढ येईपर्यंत गेला नाही.

रामकिंकरांच्या मागे काय राहिलं, त्याबद्दल थोडं. 1970 साली पद्मभूषण मिळालेल्या या माणसाची परिस्थिती अशी होती की छपराला पेंढा घालायला पैसे नसले की गळणाऱ्या जागी ते स्वतःची तैलचित्रं लावायचे. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, ऋत्विक घटक यांनी 1975 मध्ये त्यांच्यावर माहितीपट करायला घेतला तेव्हा. घटक पुढच्याच वर्षी गेले आणि तो माहितीपटही त्यांच्या हातून अपुराच राहिला. 2 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या इस्पितळात रामकिंकर गेले. मागे राहिली ती प्लास्टरची आणि सिमेंटची छोटी कामं, यक्षीचे कितीतरी नमुने, चित्रं, रेखाटनांचे कागद. त्यातलं पुष्कळसं आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. 2012 साली तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. ते मांडलं त्यांच्याच विद्यार्थ्याने, शिल्पकार के. एस. राधाकृष्णन यांनी.

शिल्पकाराच्या मागे प्लास्टर राहिलं की ते ब्राँझमध्ये ओतावं का, हा जगभरचा जुना वाद आहे. ओतलं तर ते टिकतं, चार लोकांना बघता येतं. पण त्याच्या हाताने जे सिमेंटवर थांबलं होतं ते चकचकीत धातूत आलं, की ते त्याचंच राहतं का? ज्याने आयुष्यभर मुठीने खडी मारली त्याचं काम गुळगुळीत झालेलं बघून मला तरी बरं वाटत नाही. पण मग दुसरी बाजूही आहे. प्लास्टर फुटतं. माळ्यावर उंदीर असतात. आणि सांभाळायचं काम नेहमी त्याच माणसावर येतं जो कुठे गेला नाही.

ही शेवटची गोष्ट मला भावाने शिकवली, आणि चांगलीच शिकवली.

रजा डिसेंबरात मिळाली. पेणला पोचलो त्याच संध्याकाळी माळ्यावर चढलो. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा मूर्ती, एकेका हाताएवढ्या. डाव्या हाताचं काम ताबडतोब ओळखू येत होतं. सोंडेचं वळण नानांचं नव्हतं, थोडं घसरलेलं होतं. बोटं जाड. पण बैठक तीच, पोटाचा भार तोच. खाली आणून एका फळीवर ओळीने मांडल्या तेव्हा भाऊ शेजारी येऊन उभा राहिला.

"आपल्या रंगाऱ्याने आखणी करतो म्हटलं होतं तेव्हाच. नानांनी करू दिली नाही. म्हणाले, राहू दे, तो येईल."

"मला कुणी कळवलं नाही."

"कळवलं असतं तर आला असतास?"

त्या वर्षी गणपतीच्या आधी मी ताबारेषेवर होतो. पण भावाने हे विचारलं तेव्हा ते उत्तर मला देता आलं नाही, कारण त्याआधीच्या इतक्या वर्षांत मी प्रत्येक वेळी ताबारेषेवर नव्हतो.

थोड्या वेळाने मी म्हणालो, सगळ्या मूर्ती एका काचेच्या कपाटात ठेवू, शेडच्या दर्शनी बाजूला, नानांचा फोटो लावून. भाऊ ओरडला नाही. हात पुसत म्हणाला, "कपाट कुठे ठेवायचं ते सांग. सीझनला इथे पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात शाडूला ओल धरली की कोण बघणार? मीच ना? तुला ठेवायच्या असतील तर घेऊन जा, दादा. इथे ठेव असं म्हणू नकोस."

बायकोने मला खुणेने गप्प बसवलं. बरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने न बोलता नानांचा बारीक ब्रश आणि काळा रंग माझ्यासमोर आणून ठेवला. पोरवयात माझा हात चांगला होता, वरची पापणी मी एका श्वासात काढायचो. आता मूर्ती समोर घेतली, ब्रश भिजवला, मनगट टेकवलं. वीसेक मिनिटं तसाच बसलो. काही हेलावून वगैरे नाही. पंचवीस वर्षांत मी एकही डोळा काढलेला नव्हता आणि रेघ बिघडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. शिवाय नानांनी माझ्यासाठी ठेवलेलं काम मी त्यांच्यामागे तीन वर्षांनी उरकून टाकणार, आणि मग त्याला पूर्ण झालं म्हणणार? ब्रश धुऊन जागेवर ठेवला.

न रंगवलेल्या शाडूचं एक आहे, पाण्यात टाकला की तासाभरात विरघळतो आणि पुन्हा मळता येतो. पीओपीला हे जमत नाही. आम्ही दोघांनी मिळून अकरा मूर्ती हौदात सोडल्या. पुतण्या, वय वर्षं चौदा, कोपरापर्यंत हात घालून गाळ ढवळत होता. त्याला पीओपीपेक्षा शाडूच आवडतो, आणि भावाची त्याला हरकत नाही असं दिसलं. मातीत कुठे कुठे कापसाचे तंतू निघत होते. बळकटीसाठी नाना घालायचे. भाऊ ते वेचून बाजूला ठेवत होता. मग मध्येच थांबला आणि म्हणाला, "राहू देत." तसेच राहिले.

बारावी मूर्ती मी घेतली. सोंड सगळ्यात जास्त घसरलेली होती तीच.

कल्याणहून गीतांजलीत बसलो. ट्रंकेत ठेवली असती तर हावड्याला भुकटीच मिळाली असती, म्हणून दोन टॉवेलांत गुंडाळून मांडीवर. रात्री वरच्या बर्थवर उशाशी. समोरच्या बंगाली आजींनी विचारलं काय आहे, मी म्हणालो गणेश. त्यांनी टॉवेलालाच नमस्कार केला. मी त्यांना उघडून दाखवली नाही.

दुर्गापूर स्टेशनवर ड्रायव्हर आला होता. क्वार्टरवर आल्यावर त्याने बॅग आत ठेवली आणि जायला वळला, तेव्हा मी टेबलावर टॉवेल सोडत होतो. तो थांबला. शांतिनिकेतनला मारली तशीच टेबलाभोवती एक चक्कर मारली. पोटाकडे, हातांकडे, घसरलेल्या सोंडेकडे बघितलं, मग खाली वाकून चेहऱ्याकडे.

"साब, आँखें?"

मी त्याला नानांबद्दल सांगितलं. हाताबद्दल, हौदाबद्दल, उरलेल्या अकरांबद्दल. तो ऐकत होता. मग त्याने मूर्ती खिडकीजवळून उचलून आतल्या भिंतीकडच्या शेल्फवर ठेवली. खिडकीतून पाऊस येतो, म्हणाला.